आमच्या ॲम्प्लिफायरचा पंचम

आमच्या घरात वाद झालाच तर तो पट्टीवरून होतो. ही गाणं शिकवते, हिची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा हिचा सा. संध्याकाळी सहाला मुली येतात, हॉलमध्ये सतरंजी पडते, तंबोरा गवसणीतून बाहेर येतो. त्याच हॉलच्या कोपऱ्यात माझी म्युझिक सिस्टीम. मुली यायच्या आधी मी तबकड्या ऐकत बसलेला असतो आणि उठताना ॲम्प्लि बंद करायला हमखास विसरतो. गेल्या जुलैत एका संध्याकाळी तंबोरा लावता लावता हिचा हात खुंटीवरच थांबला.

"अहो, ते यंत्र बंद करा आधी. माझा सा खाली ओढतंय."

मी कान दिला. रेकॉर्ड कधीच संपलेली, व्हॉल्यूम अर्ध्यावर, आणि दोन्ही स्पीकरमधून एकसारखी बारीक घूंऽऽ. लग्नाला ३४ वर्षं झालेला माणूस अशा वेळी "एवढासा तर आवाज" असं म्हणत नाही. मी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. आपली वीज ५० हर्ट्झची. हार्मोनियमची पांढरी पाच खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ हर्ट्झवर येते. म्हणजे विजेचा स्वर पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बराच खाली. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पाचपासून ३५ भाग चढा, काळी चारपासून ६५ भाग उतरलेला. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. हिची तक्रार तंतोतंत खरी होती.

(या आकडेमोडीत एक जुनी गोष्ट आठवली. नव्वदच्या दशकात संध्याकाळी लोड वाढला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ पर्यंत, कधी त्याच्याही खाली घसरायची. त्या वेळी असली घूं बरोबर पांढरी पाचला जुळत असणार. पण सिंक्रोनस मोटरचे रेकॉर्ड प्लेयरही त्याच फ्रिक्वेन्सीवर फिरायचे. ४८.५ झाली की तबकडी तीन टक्के हळू आणि गवई पाव स्वर खाली. आता ग्रिड ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचं असा नियम आहे. मुलगी न्यू जर्सीत असते, तिकडची वीज ६० हर्ट्झची. तिच्याकडे गेलो तेव्हा ही पहिल्याच रात्री म्हणाली, "इथला फ्रिज वेगळ्याच पट्टीत गातो." घरी आल्यावर पाहिलं, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध.)

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा मूर्खपणा त्याशिवाय कळणार नाही. मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट होतो. हा ॲम्प्लिफायर माझ्या हातचा. १९९४ साली मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस पायपीट करून ट्रान्सफॉर्मर आणि पार्ट आणले, इथे मिरजेत पत्र्याच्या डब्यात बसवले. तीस वर्षांत एकदा फ्यूज गेला, बाकी तक्रार नाही. त्यामुळे घूं सुरू झाल्याबरोबर मी डॉक्टरांच्या थाटात निदान करून टाकलं: कंडेन्सर सुकले.

निदान अगदीच अडाण्यासारखं नव्हतं. भिंतीतली एसी, तिची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की तिची खालची बाजू उलटून वर येते, म्हणून ५० ची लाट १०० ची होते. ती लाट सपाट करायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. आतलं द्रावण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळतं, लाट पुरती दाबली जात नाही आणि १०० हर्ट्झ स्पीकरपर्यंत पोचतात. मी ४७०० मायक्रोफॅरडचे दोन नवे कंडेन्सर मागवले, पूर्ण एक दुपार सोल्डरिंग केलं, बोट भाजून घेतलं. चालू केलं. घूंऽऽ. तसूभर फरक नाही.

मग वायरमन आला. त्याने ॲम्प्लिकडे पाहिलंच नाही. मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला आणि म्हणाला, "सर, अर्थिंग वीक हाय तुमचं. म्युझिकला येगळा खड्डा मारू. मीठ-कोळसा ताजा, नवी पाइप. आवाज बंद न्हाई झाला तर पैसे देऊ नका."

हा सल्ला पुष्कळांना मिळतो, म्हणून इथे जरा थांबतो. घूं आली की अर्थिंग कमी पडतंय, आणखी चांगली जमीन दिली की ती घूं जमिनीत शोषली जाईल, अशी एक समजूत आहे. जमीन म्हणजे जणू शोषखड्डा. पण विमानातही ॲम्प्लिफायर असतो, त्याला कुठली माती? आवाज स्वच्छ यायला मातीशी संबंध लागत नाही. अर्थिंग असतं ते आपण मरू नये म्हणून.

आणि वेगळा खड्डा त्याही कामात आडवा येतो. समजा ॲम्प्लिच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली. म्युझिकच्या त्या स्वतंत्र खड्ड्याचा रोध उन्हाळ्यात २० ओहम धरा. २३० व्होल्ट भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. पत्रा जिवंत राहील आणि हात लावणाऱ्याची वाट बघत बसेल. घरातले सगळे अर्थ एकमेकांना जाड वायरने बांधलेले हवेत, हे त्यासाठीच. माझ्या घरात तेव्हा गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबीही नव्हता; तो ३० मिलिअँपिअरचा याच प्रकरणात बसवून घेतला, एवढा एक फायदा.

वायरमनला चहा देऊन परत पाठवला, पण शंका डोक्यात राहिलीच. म्हणून संध्याकाळी जुन्याच खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. आत येऊन ऐकलं तर घूं वाढलेली! अगदी थोडी, पण वाढलेली. मला वाटलं कानाचा भास. हिला विचारलं. ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "वाढली." आमच्या घरात त्यावर अपील नाही.

हा पुरावा मी त्याच दिवशी नीट वाचायला हवा होता.

पुढच्या रविवारी पुतण्या कोल्हापूरहून आला. त्याने मोबाइलवर दोन मिनिटं बघितलं आणि ॲम्प्लिच्या थ्री-पिन टॉपमधली जाड पिन काढून टाकायला सांगितलं. "काका, शंभर टक्के जाईल." आणि मंडळी, खरंच जाते. म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. पण आपल्या टॉपची तिसरी पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का केली असेल ते बघा: खोचताना ती आधी लागते, काढताना सर्वांत शेवटी सुटते. फेज आत असेपर्यंत पत्र्याला अर्थ असलाच पाहिजे, एवढंच तिचं काम. आमच्या लॅबमध्ये कुणीतरी एका ऑसिलोस्कोपची अर्थ तोडून ठेवली होती. घामेजला हात लावून एक मुलगा असा फेकला गेला की मागच्या टेबलावरचे तीन मीटर खाली आले. मुलगा वाचला. मी त्या दिवसापासून दर सोमवारी लॅबमधल्या सगळ्या टॉपची तिसरी पिन तपासत असे, निवृत्तीपर्यंत. पुतण्याला एवढं सगळं सांगितलं नाही, नुसतं "नको" म्हणालो.

यात ऑगस्ट संपला. गणपतीच्या आधी चाचा आले.

चाचा सतारमेकर गल्लीतले. हिचा तंबोरा गेली वीस वर्षं तेच बघतात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "कागुद चांगला हाय सर, पण भोपळा चांगला मिळाला तर आधी सांगा." लहानपणापासून मिरासाहेब दर्ग्यातला उरूस त्यांनी चुकवलेला नाही. गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि त्यांच्या नावाने तिथे रात्र रात्र गाणं चालतं. असे कान आहेत ते.

त्या दिवशी ते जवारी काढलेला, म्हणजे तारांचा झंकार साधून दिलेला, तंबोरा घेऊन आले होते. मी ॲम्प्लि उघडून, व्हॉल्यूम पूर्ण चढवून, तोंड पाडून बसलेलो. चाचा उंबऱ्यावर थांबले.

"ह्यो कुणाचा तंबोरा, सर?"

"तंबोरा नाही चाचा, वीज आहे."

"आसंल. पण सा हाय. वरचा सा हाय. पंचम बी हाय की चांगला मोठा. गंधार बी हाय बघा, बारीक. जवारी तेवढी न्हाई."

मी सहज विचारलं, "पंचम कुठला? वरच्या सा च्या वरचा की खालचा?"

चाचांनी मान तिरकी केली, मग गळ्यातून हलकेच धरून दाखवला. "मधला. दोन्ही सा च्या मधला."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

कंडेन्सरमधून गळणारी लाट १०० ची. तिची पिल्लं २००, ३००, ४०० अशी. १०० ला सा म्हटलं तर २०० वरचा सा आणि ३०० त्याच्याही वरचा पंचम. १०० आणि २०० च्या मध्ये या कुळातलं कोणीच बसत नाही. चाचांना मधला पंचम ऐकू येत होता, म्हणजे १५० हर्ट्झ. १५० हे ५० च्या कुळातलं: ५० खर्ज, १०० सा, १५० पंचम, २०० वरचा सा, २५० गंधार. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा, पाचवा. म्हणजे घूं रेक्टिफायरच्या पुढची नव्हतीच. भिंतीतली कच्ची वीज बाहेरच्या बाहेर ॲम्प्लित शिरत होती. पोरांना हार्मोनिक्सचा प्रयोग ३१ वर्षं मांडून देणाऱ्या माणसाला हे एका तंबोरेवाल्याने सांगावं लागलं, आणि तेही कंडेन्सर बदलून झाल्यावर.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. ॲम्प्लिच्या पाठीमागच्या सगळ्या वायरी काढल्या, फक्त स्पीकर ठेवले. शांत. रेकॉर्ड प्लेयर जोडला. जवळजवळ शांत. मग एक पांढरी-लाल जोडवायर हातात आली आणि ही कसली ते क्षणभर आठवेना. जूनमध्ये मुलगा आला होता. टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून सेट-टॉप बॉक्समधून ती ओढून गेला होता. टीव्ही आम्ही फार लावत नाही, मी ती वायर विसरूनही गेलो होतो. टोचली. घूंऽऽ. आणि टीव्ही, बॉक्स दोन्ही बटणावर बंद! म्हणून तर संशय तिकडे गेला नव्हता. बटण फेज तोडतं, वायरीतल्या तारेभोवतीची जाळी तोडत नाही. मग बॉक्सच्या पाठीतून केबलवाल्याची काळी वायर आटे फिरवून काढली. शांत. परत लावली, घूं. चाचा म्हणाले, "लावा-काढा, लावा-काढा. तानपुरा शिकताय जणू."

ती काळी वायर तीन घरं सोडून एका बिल्डिंगच्या जिन्याखाली जाते. तिथे केबलवाल्याचा सिग्नल वाढवणारा बूस्टर त्या बिल्डिंगच्या विजेवर चालतो. म्हणजे वायरीच्या जाळीला त्या बिल्डिंगची जमीन. माझ्या ॲम्प्लिच्या पत्र्याला माझ्या अंगणातली जमीन. दोन जमिनी सारख्या नसतात. लोकांच्या फ्रिज, मोटारी, चार्जर यांतून थोडाथोडा प्रवाह अर्थमध्ये झिरपत असतो, त्यामुळे एक जमीन दुसरीपेक्षा किंचित उंच बसते. मल्टिमीटर जाळी आणि पत्रा यांत धरला: २.६ व्होल्ट. मध्ये १० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावर मोजलं: ०.४ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. उलटा हिशेब केला तर मातीसकट वाटेतला सगळा रोध ५५ ओहम. रेझिस्टर काढला की प्रवाह ४७ मिलिअँपिअर. आणि हे सगळं चक्र, त्यांची जमीन, काळी वायर, बॉक्स, मुलाची जोडवायर, माझा ॲम्प्लि, माझा खड्डा आणि मधली माती, पूर्ण होत होतं ते त्या एका जोडवायरीने. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन बादल्यांनी मी त्याच वाटेतली माझ्याकडची माती ओली केली, रोध कमी झाला, घूं वाढली. हिचा कान तेव्हाही बरोबर होता.

आता हा प्रवाह गाण्यात कसा मिसळतो? जोडवायरीत आत एक तार असते आणि भोवती जाळी. ॲम्प्लि त्या दोघांमधला फरक आवाज म्हणून वाचतो. जाळी परतीचा रस्ता आहे, आणि शेजारच्या बिल्डिंगचा प्रवाहही तिच्यातूनच चाललाय. पिण्याचं पाणी आणि उसाचं पाणी एकाच पाटाने सोडल्यासारखं. जाळी आणि दोन्ही टोकांचे गंजके सांधे मिळून ०.०५ ओहम धरला तरी ४७ मिलिअँपिअरने सव्वादोन मिलिव्होल्ट पडतात. बॉक्समधून येणारा आवाज साधारण अर्ध्या व्होल्टचा. म्हणजे दोनशेवा भाग घूं. सिनेमाच्या मारामारीत हे कळणार नाही. तंबोऱ्याशेजारी कळणारच.

उपाय सोपा निघाला: टीव्ही आणि ॲम्प्लि यांच्यात तांबंच नको. टीव्हीच्या पाठीला लाल दिवा दिसणारं चौकोनी भोक असतं, तोशिबाने १९८३ साली आणलेलं ऑप्टिकल. तिथून प्लॅस्टिकची तार काढली, उजेडातून आलेल्या आकड्यांचा परत आवाज करणारी छोटी डबी, डॅक, घेतली, आणि डॅकपासून पुढे हातभर जोडवायर. उजेडाला अर्थ लागत नाही. बॉक्सचा आवाज तसाही एचडीएमआयमधून टीव्हीत जातोच. केबलवाल्याला सांगून बघितलं की बूस्टरचं अर्थिंग बघ. "आमची लाइन ओके आहे काका," एवढं ऐकून फोन ठेवला.

प्रश्न एकच राहिला. जोडवायर टीव्हीच्या इनपुटला होती, मग रेकॉर्ड लावल्यावर, सिलेक्टर फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या इनपुटवर, असताना घूं का यायची? याचं उत्तर माझ्या डब्यात होतं, आणि ते लिहायला मला फार आवडत नाही. १९९४ साली मी इनपुट सॉकेटच्या जाळ्या पत्र्याला न जोडता बोर्डावरच्या ग्राउंडच्या पट्टीला जोडल्या होत्या, कारण तिकडे वायर कमी लागत होती. त्यामुळे बाहेरून आलेला प्रवाह आधी बोर्डभर हिंडायचा आणि मग अर्थकडे जायचा. त्याच पट्टीवर फोनोचा भाग. रेकॉर्डच्या सुईतून ५ मिलिव्होल्टसुद्धा नीट निघत नाहीत, आणि त्यात रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत उचलायचा असल्यामुळे तो भाग ५० हर्ट्झना मधल्या स्वरांपेक्षा सातपट वाढवतो. घूंला याहून चांगला पाहुणचार कुठे मिळणार! स्टुडिओच्या यंत्रांतली नेमकी ही चूक नील मन्सी नावाच्या इंजिनियरने १९९५ साली मांडली, 'पिन १ ची अडचण' म्हणून ती ओळखली जाते. आलेली जाळी दारातच पत्र्याला जोडा, माजघरात घेऊ नका. मी तीस वर्षं माजघरात घेतली होती. लूप नव्हता तोवर लपून राहिलं. सगळे सॉकेट सोडवून, जाड तांब्याची पट्टी टाकून, दाराशीच पत्र्याला बांधले. रेकॉर्ड प्लेयरची हिरवी अर्थ वायर तिथेच शेजारी.

शेवटी जी कणभर घूं उरली ती लूपची नव्हतीच, ट्रान्सफॉर्मर सुईच्या फार जवळ होता. प्लेयर दोन फूट सरकवला. त्यासाठी हिच्या तुळशीच्या फोटोची जागा गेली, ती वाटाघाट वेगळी.

दसऱ्याच्या आधी चाचांना मुद्दाम बोलावलं. व्हॉल्यूम पूर्ण चढवला, काही न लावता. पंखा बंद केला. रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, स्पीकरमधून काही नाही. चाचांनी मान डोलावली. मग एक जुनी एलपी लावली, गाणाऱ्यांचं नाव सांगत नाही, मोठे होते. आलाप सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो तेवढं अर्ध मिनिट आम्ही तिघं ऐकत होतो. चाचा पुढे वाकले, डोळे मिटले, आणि आवाज खाली आणून हिला म्हणाले,

"ताई, जोडीतली एक तार उतरलीय ह्यांची."

ही म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं ह्यांचं यंत्रच तसं आहे."